तपासणीचा माठ

आमच्या ओसरीवर, दाराच्या उजव्या हाताला, एक माठ असे. रोज घासलेला, गळ्याला ओलं पांढरं फडकं गुंडाळलेला, वर पितळी झाकण आणि झाकणावर उपडा पेला. घरात इतकं स्वच्छ दुसरं काहीच नव्हतं, देव्हारासुद्धा नाही. त्या माठातलं पाणी आम्ही पीत नसू.

हे नीट सांगायचं तर आधी मळ्याबद्दल सांगावं लागेल. अंजनगावच्या अलीकडं, जिथून सातपुडा निळ्या रेघेसारखा दिसतो तिथं, आमचा पानमळा होता. शेवरी आणि पांगाऱ्याच्या दाट सावलीत नागवेलीच्या रांगा, त्यांच्यामधून पायापुरती वाट, आणि भर उन्हाळ्यातही आत शिरलं की अंगावर ओला गारवा. मळ्यात चपला घालून जायचं नाही, थुंकायचं नाही, मोठ्यानं भांडायचं नाही. भांडणं घरी करायची असा नियम होता आणि तो घरचे कसोशीनं पाळत. मी चौदाची झाल्यावर महिन्यातले चार दिवस मला फाटकाच्या आत यायलाही बंदी झाली. वेल विटाळते म्हणे. त्या चार दिवसांत घरातली बारीकसारीक कामं माझ्याकडं येत. माठ घासून भरणं त्यातलंच. पुढं ते कायमचं माझं झालं. सकाळी विहिरीवरच्या इंजिनची फटफट सुरू झाली की मी उठे. ओसरीत आई पानं मोजत बसलेली असे. ओठ हलायचे, आवाज नाही. मधेच कुणी हाक मारली तर शंभर पुन्हा पहिल्यापासून, आणि हाक मारणाऱ्याचा उद्धार वेगळा. टोपल्यांना केळीची पानं लावायची, वरून पाणी शिंपडायचं, मग मेटाडोर टोपल्या घेऊन अकोल्याला जाई. चुलीवर अंबाडीची भाजी शिजत असे आणि घरभर तिचा आंबट वास. जेवण, वास, बोलणं, सगळं त्या एका विहिरीच्या पाण्यावर चाले. गावातल्या निम्म्या घरांचं तसंच होतं, कारण आमच्या मळ्याच्या विहिरीचं पाणी गोड होतं आणि खाली पूर्णेकडं जाल तसं ते खारट होत जातं.

वानखडे भाऊ आमच्याकडचे आरोग्यसेवक. खांद्याला खाकी पिशवी, सायकलला मागं पावडरीचा डबा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आपण चुकीच्या गावात आलो असू, पण आता आलोच आहोत. गाव त्यांना डाक्टर म्हणे. आमच्याकडं पिशवी असलेला प्रत्येक माणूस डाक्टरच असतो. त्यांच्याकडं बारा गावं होती. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणं हे त्यांचं काम, आणि ते पहिल्यांदा आमच्या विहिरीवर आले तेव्हा बाबा फाटकात आडवे उभे राहिले होते.

"चपला काढा जी," बाबा म्हणाले.

वानखडे भाऊंनी चपला काढल्या.

"आता पावडरही तिथंच ठेवा."

बाबा काही अडाणी नव्हते. सातवी झालेले, वर्तमानपत्र वाचणारे. पण आदल्या वर्षी कुणीतरी विहिरीत पावडर टाकून गेलं होतं आणि त्याच आठवड्यात अकोल्याच्या व्यापाऱ्यानं टोपलीला नाक लावून अख्खा माल परत पाठवला. "पानाले दवाखान्याचा वास येऊन राह्यला," असा निरोप होता. शिवाय पावडरीनं वेल करपते ही गोष्ट मळेवाल्यांत सगळ्यांना माहीत होती, म्हणजे कुणी पाहिली नव्हती. मी पुढं मास्तरीण झाल्यावर शेतीखात्यातल्या एका जाणकार गृहस्थांना विचारलं. ते हसले. म्हणाले, तुम्ही प्यायच्या पाण्यात टाकता तेवढ्यानं वेलीला काय होणार? मी हसले नाही, म्हणून त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी तेच पुन्हा हळू सांगितलं.

तेव्हा तडजोड निघाली. ती वानखडे भाऊंनीच काढली, आणि त्यामागचा त्यांचा हेतू चांगला होता हे मला आज लिहून ठेवायचं आहे. ते म्हणाले, "विहीर राहू द्या. पन घरोघरी एक माठ तरी करा. मी पावडर देतो, चिमूटभर टाकायची, प्यायचं पानी तेवढं त्यातलं घ्यायचं. मी माठच तपासीन. एक तरी माठ करा जी." सगळे हो म्हणाले. आमच्या गावाला नाही म्हणायची सवय नाही. त्यामुळं पुष्कळ गोष्टी टळतात.

गल्लीत घरोघरी माठ बसले. पंधरा दिवसांनी भाऊ आले, काचेच्या नळीत माठातलं पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पिवळं म्हणजे पावडर आहे, म्हणजे चांगलं. वहीत लिहिलं. पुढच्या खेपेला पुन्हा पिवळं. तिसऱ्या खेपेला त्यांनी नळी धरता धरता माठात डोकावून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. ज्या घरात सात माणसं पाणी पितात त्या घरातला माठ भर उन्हाळ्यात काठोकाठ कसा, हे कळायला डाक्टर असावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी फडकं पिळत होते. त्यांनी वहीत लिहिलं, आणि आईनं दिलेला चहा घेतला. तो चहा विहिरीच्या पाण्याचा होता.

वर्षभरात आमचं गाव तालुक्यात पहिलं आलं. चावडीवर पाटी लागली, 'शुद्ध पाण्याचे गाव'. पाटीच्या उद्घाटनाला पाहुणे आले, भाषणं झाली, एका वक्त्यानं पाण्याला जीवन म्हणतात ही माहिती तीनदा दिली. पाहुण्यांसाठी अंजनगावहून सोड्याच्या बाटल्या मागवल्या होत्या. त्या सगळ्या समारंभात गावातलं पाणी कुणी प्यायलं असेल तर बॅन्डवाल्यांनी.

मी आता अमरावतीत एका सोसायटीत राहते. मध्यंतरी आमच्याकडं एक मुलगी आली, आरोग्याचं सर्वेक्षण करणारी, ऊन लागून लाल झालेली. गच्चीवरच्या टाकीचा फोनवर फोटो काढायचा होता. मी म्हटलं, ये, आम्ही पितो ते पाणी दाखवते. "नको आजी," ती म्हणाली, "फोटोत टाकीच लागते, नाहीतर अ‍ॅप घेत नाही." मी तिला सरबत दिलं. तिचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही.

त्या माठातलं पाणी आमच्या घरात एकच माणूस प्यायचं. शालू काकू. माझ्या धाकट्या काकांची बायको, अकोल्याची, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. ती आली तेव्हा तिच्या ट्रंकेत चार साड्या आणि बाकी सगळे दिवाळी अंक होते, त्यामुळं आईनं तिच्याबद्दलचं मत पहिल्याच दिवशी बनवलं. काकू येता-जाता माठातून पेला भरून घ्यायची. वास येत नाही का, मी विचारलं.

"येते नं. नळाचा वास येते," ती म्हणाली. "आमच्या घरचा वास हाये तो. आमच्या अकोल्यात पानी दोन-दोन दिवस येत नाई, पन येते तवा एकच येते. तुमच्या इथं दोन-दोन प्रकारचं. लय श्रीमंत लोक बाई तुमी."

मला ती फार आवडायची. हे मी आधी लिहायला हवं होतं, कारण पुढचं तसं वाटणार नाही. एकदा भाऊ यायच्या दिवशी मी पाहिलं तर माठ अर्धा. पावडर संपलेली. मी बाबांना जाऊन सांगितलं, काकूनं पाणी घेतलं. चहाडी म्हणून नाही. माठ माझ्याकडं होता, एवढंच. बाबा धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसत. त्यांनी भिंतीकडं तोंड करून आईला सांगितलं, "तो माठ तपासाचा हाये म्हना. रिकामा दिसला तर त्या मानसाच्या नोकरीवर येईन." आईनं ते काकूला सांगितलं, स्वतःची थोडी भर घालून. काकू "बरं" म्हणाली आणि त्या दिवसापासून रांजणातलं प्यायला लागली. विहिरीचं.

त्या श्रावणात नागपंचमीच्या आधी सलग तीन दिवस पाऊस झाला. नाला फुगून मळ्याच्या कुंपणापर्यंत आला. विहिरीचं पाणी चहासारखं झालं. दोन दिवसांत ते निवळलं, आणि निवळलं म्हणजे चांगलं झालं असं सगळ्यांनी धरलं. नागपंचमी हा आमचा मोठा सण. त्या दिवशी तवा चढत नाही, विळी हातात धरत नाहीत, आणि सगळं गाव मळ्यात वेलीच्या पूजेला येतं. लाह्या, फुटाणे, दूध यांचा प्रसाद, आणि ओंजळीत विहिरीचं तीर्थ. शालू काकूनं हिरवं लुगडं नेसलं होतं. लग्नानंतरचा पहिलाच सण म्हणून तिला पहिली ओंजळ मिळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतलं एक पोर आणि दोन म्हातारी माणसं आडवी झाली. तिसऱ्या दिवशी बारा. हगवण आणि वांत्या. शाळेत खाटा टाकल्या गेल्या आणि अमरावतीहून जीपनं साथीचे अधिकारी आले. साहेब तरुण होते, दोन रात्री झोपलेले नसावेत, बोलताना शब्द विसरत होते. मी त्यांना कधी दुष्ट ठरवू शकले नाही. ते घरोघर पाणी तपासत आमच्या ओसरीवर आले. नळी भरली, थेंब टाकले. असं सुरेख पिवळं मी पुन्हा पाहिलं नाही.

"बाळ, घरात सगळे हेच पाणी पिता ना?"

बाबा खांबाला टेकून उभे होते. वानखडे भाऊ साहेबांच्या मागं, स्वतःच्या चपलांकडं पाहत. त्या दोघांपैकी कुणीही मला काही खुणावलं नाही. कुणी मला खोटं बोलायला सांगितलं असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते. कुणी सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"पाणी उत्तम आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे दुसरं काहीतरी आहे." मग त्यांनी हिशेब मांडला. आजारी पडलेले सगळे मळ्यात गेले होते, सगळ्यांनी प्रसाद घेतला होता, म्हणजे दूध. तर्कात चूक काढता येणार नाही. तीर्थाचं त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण तीर्थ म्हणजे पाणी असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. प्रसादाला दूध घातलेल्या गवळ्याच्या दोन्ही म्हशी आणि चार कॅन चावडीसमोर आणले, दूध नालीत ओतलं, पंचनामा झाला. गवळी मोठ्यानं रडत होता, आणि गाव, ज्याला निदान माठांचं तरी माहीत होतं, पाहत उभं होतं.

जाताना साहेबांनी आणखी एक केलं. नमुना घ्यायच्या बाटल्या संपल्या होत्या, दुसऱ्या दिवशी येणार होत्या. म्हणून त्यांनी आमच्या माठाचं झाकण दोऱ्यानं बांधलं, कागदाची चिठ्ठी लावली, तिच्यावर सही केली. "याला कोणी हात लावायचा नाही. हे पाणी अमरावतीला तपासायला जाईल." त्यांची सही वळणदार होती.

शालू काकू त्याच दिवशी दुपारी न्हाणीपाशी बसली ती उठलीच नाही. आधी हसत होती. "पहा वं, मलेही आलं तुमच्या गावचं," असं म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि बोटांची कातडी धुण्याला गेलेल्या बाईसारखी झाली. मीठ-साखरेचं पाणी द्या, असं शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. आईनं प्रेमानं दिलं, चमच्याचमच्यानं, हट्टानं. पाणी रांजणातलं होतं. उकळून घ्या असंही सांगितलं होतं, पण लाकडं ओली होती आणि उकळून थंड व्हायला कुणाला धीर होता? चार हातांवर ओसरीत माठ होता. मी त्याच्याजवळून निदान वीस वेळा गेले. दोरा साधा शिवणाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या आल्या, माठातलं पाणी भरून गेलं, आणि काकूला शाळेत हलवलं. सलाईन होतं पण आळीपाळीनं होतं. दुपारी मी साहेबांच्या टेबलापाशी गेले. काय बोलायचं ते रस्त्यानं पाठ केलं होतं.

"साहेब, त्या माठातलं पानी आमी पीत नाई. विहिरीचं पितो. सगळेच."

त्यांनी मान वर करून वानखडे भाऊंकडं पाहिलं. भाऊ खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सारखा करत होते. मग साहेबांनी टेबलावरच्या वह्यांकडं पाहिलं. वर्षभराच्या वह्या होत्या त्या, पानापानावर पिवळं, आणि प्रत्येक महिन्याखाली तीच वळणदार सही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस बाळ. काकू बरी होईल. नमुना गेला आहे, अहवाल येऊ दे." आणि नर्सबाईंना म्हणाले, "हिला जरा बाहेर बसवा."

भाऊ माझ्या मागोमाग बाहेर आले.

"काल काहून नाई सांगितलं पोरी?"

"तुमी काहून नाई सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "माही पोरगी तुह्याएवढीच हाये," ते म्हणाले. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आताही खात्रीनं सांगता येत नाही. मग ते सायकलवरून मळ्याकडं गेले. बाबा फाटकातच होते. मी मागून पळत पोचले तेव्हा दोघं एकमेकांसमोर नुसते उभे होते, भाऊंच्या हातात डबा.

"टाका," बाबा म्हणाले.

एवढ्या घाईतही भाऊंनी चपला काढल्या.

त्याच सुमारास काकूला अमरावतीला हलवायचं ठरलं. जीप दुधाचा नमुना घेऊन गेली होती, म्हणून पानाच्या मेटाडोरमधून नेलं. अर्ध्या टोपल्या उतरवून जागा केली. काका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून केळीचं पान धरलं होतं. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडं मेटाडोर थांबली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली.

पावडर पडल्यावर चार दिवसांत साथ आटोक्यात आली. श्रेय दूध वेळीच बंद केल्याला मिळालं; गावाला शाबासकीचं पत्रही आलं आणि ते चावडीत वाचून दाखवलं गेलं. गवळी म्हशी विकून मूर्तिजापूरकडं कुठंतरी गेला. अमरावतीचा अहवाल तेरवीनंतर पोचला. पाणी पिण्यास योग्य. मळ्याला काही झालं नाही. एक वेल करपली नाही, एक पान डागाळलं नाही. बाबा रोज सकाळी रांगांतून फिरायचे आणि पानं उलटी करून पाहायचे. मला वाटतं ते करपलेलं पान शोधत होते. एक जरी सापडतं तरी त्यांना बरं वाटलं असतं. तरीही दसऱ्यापर्यंत पावडर पुन्हा बंद झाली. कुणी बंद करा म्हणालं नाही. डबा संपला आणि नवा कुणी मागितला नाही.

काकूचे वडील तेरवीला येऊन गेले होते. महिन्याभरानं एकटेच आले, अकोल्याच्या एसटीनं. कुठल्याशा कापसाच्या जिनिंगमध्ये मापारी होते, बारीक, टोपीवाले. ओसरीवर बसले, खिशातून घडी घातलेला कागद काढला. मृत्यूच्या कारणाचा दाखला होता, कशासाठीतरी त्यांनी मागवला होता. दूषित दुधाच्या सेवनामुळं, असं त्यात लिहिलं होतं.

"दूध तर ते पीतच नव्हती," ते बाबांना म्हणाले. "लहानपनापासून शिसारी होती तिले. चहासुद्धा काळा प्यायची. तुमाले तं माहीत असन."

माहीत होतं. ती आल्यापासून आईनं त्यावरून तिला टोमणे मारले होते. अधिकाऱ्यांनी कुणाला विचारलं नव्हतं आणि आम्ही आपणहून सांगितलं नव्हतं.

"मंग कशानं गेली माही पोरगी?"

बाबा उठून आत गेले. आईनं पदर तोंडाला लावला. ते माझ्याकडं पाहत होते, रागानं नाही. ज्याला एक साधी माहिती हवी आहे अशा माणसासारखं.

"पान्यानं," मी म्हणाले. "विहिरीच्या."

"चांगलं पानी नव्हतं घरात?"

"होतं."

"कोनासाठी?"

मी म्हणाले, "तपासाले."

त्यांनी मान हलवली. कागद पहिल्याच घड्यांवर नीट दुमडला, खिशात ठेवला, आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.